शनिवारची शाळा : रेघेला टांगलेली अक्षरं

मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गात नाव घालायला येणारे आई-बाबा दोनच प्रश्न विचारतात. वर्ग किती वाजता सुटतो, आणि मुलाचं अक्षर सुधारेल का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावर मीच त्यांना विचारते, ‘त्याला लिहिताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?’ वही नव्हे, लिहिताना. बहुतेकांनी वही पाहिलेली असते. वहीचं पान म्हणजे जेवण झाल्यावरचं ताट. त्यात काय उरलं ते दिसतं, मूल कसं जेवलं ते दिसत नाही.

गेल्या दिवाळी अंकात या सदरात मी घरातल्या बोलण्याविषयी लिहिलं होतं. त्यानंतर गणपतीत, हळदीकुंकवाला, अगदी करामातल्या भाजीच्या दुकानातसुद्धा मला थांबवून विचारलं गेलं, ‘बोलायचं कळलं हो, पण लिहिण्याचं काय?’ विचारणाऱ्यांत एक आजोबाही होते. तेव्हा या वर्षी लिहिणं. तेही पाच ते आठ वर्षांच्या मुलांचं, कारण माझ्याकडे तीच येतात. इथे येण्याआधी सहा वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत मी पहिली-दुसरीलाच शिकवत होते. एम.ए. मराठीत केलं, पण अक्षराबद्दल जे काही कळतं ते डी.एड.च्या पाठांमधून आणि त्या मुलांकडून. एम.ए.ला पेन्सिल कशी धरायची हे कुणी शिकवत नाही.

कोल्हापूरच्या मुलांचं एक बरं होतं. त्यांच्यापुढे आधी एकच लिपी यायची, आणि घराबाहेर पडलं की दुकानाच्या पाटीवर, एस.टी.वर, लग्नाच्या फलकावर तीच दिसायची. दुबईतल्या सहा वर्षांच्या मुलाचं दप्तर उघडून बघा. त्यात इंग्रजीची चौरेघी वही असते आणि अरबीची वही असते. भारतीय शाळेत असेल तर बहुधा हिंदीचीही. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात. अरबीही रेघेवरच बसतात, काही जण रेघेखाली पाय सोडतात, पण त्यांची चाल उजवीकडून डावीकडे. शिवाय त्या अठ्ठावीस अक्षरांतली बहुतेक शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं आणि शेवटी तिसरं रूप घेतात. ही सगळी शिकवणी पहिलीतलं मूल मुकाट्याने पार पाडत असतं. मग शनिवारी सकाळी आपण त्याला चौथा प्रकार देतो. आपली अक्षरं कशावर बसत नाहीत. ती वरून लोंबतात.

हे लोंबणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं आहे की मुलाला ते सांगायला हवं हेच सुचत नाही. त्याला ‘घर’ लिहायला सांगितलं की ते इंग्रजीच्या सवयीने दोन्ही अक्षरं खालच्या रेघेवर आणून बसवतं. घ होतो उंच, र होतो बुटका. मग वर शिरोरेषा द्यायची वेळ आली की ती जिन्यासारखी चढते-उतरते. ‘फूल’ लिहायचं तर उकाराला खाली जागाच नाही. तो पुढच्या ओळीच्या मात्रेवर जाऊन आदळतो. पान गिचमिड दिसतं. मूल रेघेला दोष देतं, आई मुलाला.

माझ्या वर्गात पहिल्या दोन शनिवारी कुणी वहीत लिहीत नाही. मी खोलीत एक दोरी बांधते आणि पुठ्ठ्याची कापलेली अक्षरं कपड्यांच्या चिमट्यांनी तिला टांगायला लावते. इथे बाल्कनीत बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायला मनाई, त्यामुळे दोरीवर कपडे वाळतात हे काही मुलांना इथूनच सांगावं लागलं. अक्षर म्हणजे दोरीवरचा सदरा. लांडा असो नाहीतर लांब, वरून सगळे एका रांगेत. उकार म्हणजे सदऱ्यातून ठिबकणारं पाणी, मात्रा म्हणजे दोरीवर येऊन बसलेला कावळा. ‘गैरसोय’ लिहिताना ‘टीचर, दुसरा कावळा राहिला’ असं मुलंच एकमेकांना सांगतात. (मला ती टीचरच म्हणतात. ‘बाई’ म्हणायला लावून पाहिलं, पण इथल्या मुलांना बाई म्हटलं की घरी भांडी घासायला येणारी आठवते. सोडून दिलं.) तिसऱ्या शनिवारी दुरेघी वही निघते. वरची रेघ मी स्केचपेनने जाड करून देते. अक्षरं त्या रेघेला टेकवायची, शब्द पुरा झाला की तिच्यावरून शिरोरेषा ओढायची. शब्द संपला की रेघ संपली. पुढच्या शब्दाची दोरी वेगळी.

शिरोरेषा नंतर काढायची सजावट आहे असं पुष्कळ पालकांना वाटतं. फोनवर लिहिताना ती आपोआप येते, त्यामुळे असेल. पण मुलाच्या वहीत अर्थ तिच्यावर अवलंबून असतो. भ आणि ध यांच्या डोक्यावर रेघ अर्धीच असते. ती पुरी ओढली की भ चा म आणि ध चा घ होतो. हात सैल असलेलं मूल इथे हमखास घसरतं, आणि ‘धन’चा ‘घन’ झाला की शुद्धलेखनाची चूक म्हणून त्याच्यावर गोल पडतो. चूक शुद्धलेखनाची नसतेच. रेघ कुठे थांबवायची हे त्याच्या हाताला माहीत नसतं.

आता अक्षरांचा क्रम. क ख ग घ हा क्रम उच्चाराचा आहे, आणि तो फार शहाणपणाने लावलेला आहे. कंठापासून ओठापर्यंत आवाज कसा पुढे येतो ते त्यात दिसतं. लिहायला शिकण्यासाठी मात्र तो अवघड आहे. क नंतर लगेच ख, मग ग, मग घ. चार अक्षरांना चार वेगळी वळणं. म्हणूनच आपल्याकडे शाळेत ग म भ न पासून सुरुवात करायची पद्धत पडली. मी वळणांची कुटुंबं करते. व, ब, क हे एक घर. उभ्या रेघेच्या डावीकडे गोल, आणि तो गोल घड्याळाच्या उलट फिरतो. ज्या मुलाला इंग्रजीतला छोटा ए येतो त्याला हे वळण निम्मं येतंच, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं. प, ष, फ, ण दुसरं घर. ट, ठ, ढ, द तिसरं. यांची सुरुवात रेघेला टांगलेल्या छोट्या दांडीने. र आला की स, ख पाठोपाठ येतात. ळ सगळ्यांना आवडतो, त्याला आमच्याकडे चष्मा म्हणतात. इ, झ, ह, क्ष, ज्ञ ही वाकडी मंडळी शेवटी, घाई न करता.

वळण शिकवताना मी तोंडाने बोलते आणि मुलांनाही बोलायला लावते. ‘डावीकडे गोल, वर येऊन भेट, आता उभी रेघ वरून खाली.’ आधी हवेत पूर्ण हाताने, मग फरशीवर ओल्या बोटाने, मग पाटीवर, मग वहीत. मोठ्याकडून लहानाकडे. खांदा फिरला की कोपर शिकतं, कोपर शिकलं की मनगट. आमच्या कोल्हापूरच्या मुख्याध्यापिका याला ‘अक्षर अंगात मुरवणं’ म्हणायच्या.

इथेच माझं टिंबांच्या पानांशी भांडण आहे. हल्ली नेटवरून काढलेली ठिपक्या-ठिपक्यांची पानं घरोघरी असतात. मूल त्या टिंबांवरून पेन्सिल फिरवतं, पान छान दिसतं, आई फोटो काढून आजीला पाठवते. पण मूल ते टिंब खालून वर जोडतंय, की मधूनच सुरुवात करतंय, की उभी रेघ आधी आणि गोल नंतर, हे त्या पानावर कळत नाही. ते अक्षर लिहीत नसतं, टिंबं जोडत असतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या करिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी लॉरा एंगलहार्ट यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी अक्षरं तीन तऱ्हांनी दिली : हाताने काढायला, कीबोर्डवर दाबायला आणि टिंबांवरून गिरवायला. नंतर तीच अक्षरं नुसती दाखवून मेंदूत काय हलतं ते पाहिलं. वाचताना कामाला लागणारा भाग जागा झाला तो स्वतः हाताने काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्या अक्षरांची गत कीबोर्डवाल्यांसारखीच. अभ्यास छोटा होता आणि इंग्रजी अक्षरांचा होता, पण पहिलीच्या वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला त्याचं नवल वाटणार नाही. मुलाने काढलेला वेडावाकडा व त्याच्या लक्षात राहतो. गिरवलेला सुंदर व उद्या पुसलेला असतो.

‘पण लिहायचं कशाला, पुढे सगळं टायपिंगच ना?’ असंही विचारतात, विशेषतः बाबा लोक. त्यांना मी त्यांच्याच फोनवरचं मराठी दाखवायला सांगते. इंग्रजी अक्षरांत ‘कसा आहेस’ लिहिलेलं असतं. ज्याच्या हातात लिपी होती त्याचं हे, मग ज्याच्या हातात ती कधी आलीच नाही त्याचं काय होईल? ते मूल मराठी ऐकेल, थोडं बोलेल, आणि आजीचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेईल.

बोटांविषयी थोडं, कारण दिवाळी आहे. पेन्सिल अंगठा आणि तर्जनीने धरायची, मधल्या बोटावर टेकवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. ज्या बोटांत जोर नाही ती बोटं पाच मिनिटांत दमतात आणि मूठ आवळतात. मग मूल अक्षर दाबून काढतं, पान उलट्या बाजूने खरखरीत लागतं. हा जोर लिहून येत नाही. शेंगा सोलून येतो, कणीक मळून येतो, कात्रीने येतो. पेन्सिल आखूड द्या, बोटभर लांबीची. लांब पेन्सिल लहान हातात डोलते. टॅबलेटच्या काचेवर लिहिणं मला या वयात पसंत नाही, काच गुळगुळीत असते, हाताला काही उलट उत्तर मिळत नाही. येत्या आठवड्यात घरात रांगोळी निघेल तेव्हा मुलाला बाजूला बसवून ठिपके घालू द्या. चिमटीतून रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनी जे करतात, तेच त्यांना पेन्सिलीवर करायचं असतं. चकलीचा सोऱ्या फिरवू द्या. लाडू वळू द्या, ते गोल होणार नाहीत, खाऊन टाका.

आता त्या मुलीविषयी सांगते, जिच्यामुळे मी हा विषय घेतला. आपण तिला चिमणी म्हणू. गेल्या नोव्हेंबरात ती वर्गात आली तेव्हा साडेसहा वर्षांची होती. तिच्या आईने दोन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. अरबीची वही स्वच्छ, गोल गोल अक्षरं, पानोपान तारे. मराठीची वही, जी आईने घरी करून घेतलेली होती, ती सगळी काळवंडलेली. अक्षरं पुसट, शिरोरेषा कुठे नाहीच, कुठे इतकी दाबलेली की कागद फाटलेला. शेजारी लाल पेनाने ‘रेघ?’ ‘रेघ?’ असं लिहिलेलं. आई म्हणाली, ‘ताई, अरबीत बघा आणि मराठीत बघा. परक्या भाषेसाठी मेहनत घेते, आपलीच हिला नकोशी झालीय.’ चिमणी तिथेच उभी होती. तिने खाली बघितलं. मुलं असं वाक्य विसरत नाहीत, ते खरं धरून चालतात.

मी चिमणीला दोन्ही भाषांत एकेक ओळ माझ्यासमोर लिहायला सांगितली. ती डावखुरी. अरबी लिहिताना तिचा हात लिहिलेल्या अक्षरांपासून दूर सरकत होता. मागे काय लिहिलं ते तिला दिसत होतं, ओलं-कोरडं काही पुसलं जात नव्हतं. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी डाव्या हाताला मानवतेच. मराठीत तोच हात जे लिहिलं त्याच्यावरूनच सरपटत होता. आपलंच अक्षर तळव्याखाली झाकलं जात होतं, म्हणून ते बघायला ती मनगट वर वाकवत होती, आणि तळव्याला लागलेलं शिसं पानभर पसरत होतं. इंग्रजीतही हेच होत असणार, मी विचारलं. आई म्हणाली, ‘हो, पण इंग्रजीचं काय, ते येईलच.’ इंग्रजीची चिंता आपण कुणी करत नाही, त्यामुळे इंग्रजीच्या वाईट अक्षराला कारण लागत नाही. मराठीच्या वाईट अक्षराला मात्र आपण लगेच मन जोडतो.

आणि मग शिरोरेषा. उजव्या हाताने डावीकडून उजवीकडे रेघ काढताना पेन्सिल ओढली जाते. डाव्या हाताने तीच रेघ काढायची तर पेन्सिल ढकलावी लागते. ढकललेली पेन्सिल कागदात रुतते. वाक्यागणिक चार-पाच शिरोरेषा, म्हणजे चार-पाच वेळा रुतणं. चिमणीने काही दिवस दाबून पाहिलं, कागद फाटला, मग रेघच सोडली. तिच्या दृष्टीने हा व्यवहार अगदी शहाणपणाचा होता.

उपाय फार मोठे नव्हते. तिला बाकावर डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे शेजारच्याचं कोपर लागत नाही. वही उजवीकडे कलती केली, इतकी की हात ओळीच्या खालून चालेल. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला सांगितली, म्हणजे बोटांच्या आडून अक्षर दिसतं, आणि मऊ शिशाची दिली, जी न दाबता उठते. आणि शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढायला सांगितली. तिने माझ्याकडे बघितलं. ‘अरबीसारखी?’ म्हटलं, ‘अरबीसारखी.’ तिने ‘कमळ’वर एका दमात रेघ ओढली. मग न सांगता आधीच्या सगळ्या शब्दांवर ओढत सुटली.

तिची आजी तेव्हा साताऱ्याहून आलेली होती, हिवाळ्यात पुष्कळांच्या येतात तशी. वर्ग सुटायच्या वेळी ती दारात उभी राहून हे बघत होती. मला म्हणाली, ‘बाई, उलटी रेघ? आणि डावा हात तुम्ही चालवून घेता?’ म्हटलं, ‘आजी, हात तिचा आहे.’ आजीला ते पटलं नाही. म्हणाली, ‘माझा धाकटा भाऊ डावखुरा होता. मास्तरांनी पट्टीने मारून मारून उजव्यावर आणला.’ मी विचारलं, ‘मग अक्षर कसं आलं त्यांचं?’ ती जरा थांबली. ‘तो कुठं लिहितो? सही करतो फक्त.’

तिथून विषय वळला तो तिच्या आजोबांकडे. ते मोडी लिहायचे. ‘ते तर आधी पानभर रेघ ओढून ठेवायचे, मग अक्षरं,’ असं तीच म्हणाली. खरंच होतं ते. मोडीत ओळीची रेघ आधी ओढून घ्यायची आणि खाली हात न उचलता भराभर लिहीत जायचं, अशीच रीत होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या शाळांत मोडी शिकवत होते. बाळबोधात रेघ नंतर, मोडीत आधी, चिमणीची उजवीकडून. आजी विचारात पडली, मग म्हणाली, ‘लिहू दे बाई कशीही. पण जेवताना उजवा.’ त्या मुद्द्यावर मी वाद घातला नाही. सासूबाईंशी घालत नाही, तो दुसऱ्यांच्या आजीशी कशाला.

फेब्रुवारीत आजी परत गेली. जाताना तिने चिमणीला सांगून ठेवलं होतं, फोनवर फोटो नको, कागद पाठव. मार्चमध्ये साताऱ्याला निघालेल्या एका काकांच्या हाती चिमणीचं पत्र गेलं. सहा ओळी. ते मी तपासलं नाही, वाचलं फक्त. त्यात ‘आजी मला तुझा मात आवडतो’ असं होतं, कारण भ च्या डोक्यावरची रेघ जोरात येऊन पार पलीकडे गेली होती. चिमणीची आई म्हणाली, दुरुस्त करूया का? चिमणी म्हणाली, आजीला कळेल. आजीला कळलं. आजीचं उत्तर आलं तेव्हा पहिल्या ओळीत भात लावण्याची कृती होती. ते पत्र चिमणीने अर्धं स्वतः वाचलं, अर्ध्यावर आजीच्या लफ्फेदार अक्षरामुळे अडली. आता लाल पेन घरात कुठे आहे ते मला माहीत नाही. वहीत तरी दिसत नाही.

तुमच्या घरात डावखुरं मूल असेल तर वरचं सगळं करून बघा. आणि मुलाचं एका लिपीतलं अक्षर दुसरीपेक्षा फार वाईट असेल, तर मन तपासण्याआधी हात तपासा, एवढं माझं म्हणणं आहे.

आणखी एक भानगड इथे नेहमी निघते, ती ल आणि श ची. मराठी वळणाच्या ल ला दोन पाकळ्या असतात आणि उजवीकडे उभा दंड नसतो. हिंदीच्या पुस्तकातल्या ल ला तो असतो. श चंही असंच, त्याचं डोकं दोन्हीकडे वेगळं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठीसाठी मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले, तरी संगणकावर आणि फोनवर दिसतात ते बहुधा हिंदी वळणाचे. एका मुलाच्या हिंदीच्या वहीत मराठी ल वर लाल गोल आला आणि तो माझ्याशीच भांडायला आला, ‘टीचर, तुम्ही रॉंग शिकवलं.’ त्याला सांगितलं, घरात चपला काढतो, शाळेत बूट घालतो, तसं. हिंदीच्या वहीत हिंदीचा ल, आजीच्या पत्रात आपला. पुढच्या शनिवारी त्याने दोन्ही ल शेजारी शेजारी काढून मला विचारलं, ‘आता सांगा, कुठला कुठला?’ मुलांना दोन नियम जड जात नाहीत. एकच नियम आहे असं सांगून दुसऱ्या वर्गात मार्क कापले की ती गोंधळतात.

आमच्या शाळांच्या भिंतींवर ‘सुंदर अक्षर हाच खरा दागिना’ असं रंगवलेलं असायचं. माझ्या शाळेतही होतं. मला ते वाक्य लहान मुलांच्या वर्गात नको वाटतं. दागिना दाखवायला असतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याला आपण गरीब आहोत हे रोज भिंत सांगते. सहा वर्षांच्या मुलाचं अक्षर दुसऱ्याला वाचता यावं, हात न दुखता यावं आणि विचाराच्या मागे फार रेंगाळू नये. बस्स. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक आख्खा समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो मजकूर वाचताना मला त्यातला व्यवहारीपणा आवडतो. ओळीला ओळ लागू नये, पानाच्या कडा मोकळ्या ठेवाव्यात, पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच लेखणीचं वाटावं. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार. आमची मुलं ज्यांना पत्रं लिहितात त्यांच्या चष्म्याचे नंबर बघता हा सल्ला अजून लागू आहे. मी मुलांना दुरेघीत दोन्ही रेघांमधली जागा पूर्ण वापरायला लावते ते त्यासाठीच.

शनिवारचा वर्ग पूर्वीसारखाच दहाला सुरू होतो. जुने सभासद अजून त्याला शुक्रवारचा वर्ग म्हणतात, २०२२ मध्ये इथली सुट्टी शनिवार-रविवारवर गेली तरी. नव्या मुलांसाठी जानेवारीत जागा आहेत. रोज दहा मिनिटं घरी लिहायला बसवणार असाल तरच नाव घाला. आठवड्यातून एकदा दीड तास लिहून हात काही शिकत नाही. दहाची अकरा मिनिटं करू नका. शिक्षा म्हणून तर एक ओळही लिहायला लावू नका.

आणि एक काम आहे. दुरेघी वह्या इथे मला कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. चौरेघी हव्या तेवढ्या मिळतात, पण त्या इंग्रजीच्या मापाच्या. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला जाणाऱ्यांनी येताना बॅगेत थोडी जागा ठेवावी. शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ‘पहिलीची मराठीची दुरेघी’ म्हटलं की मिळते. दोन रेघांमधलं अंतर जरा मोठं बघून घ्या. पाटीवरच्या पेन्सिलीही आणा, डब्यात कापूस घालून, नाहीतर तुकडे होतात. मला चाळीस वह्या लागतील. चिमणीला वेगळी सांगितली आहे, तिच्या वहीची शिवण वरच्या बाजूला हवी, म्हणजे मधला फुगवटा तिच्या हाताखाली येत नाही.